स्ताजिएर

फ्रान्समध्ये ‘स्ताजिएर’ नावाची एक जात आहे. तिला विद्यार्थी म्हणावे तर वर्ग नाही, नोकर म्हणावे तर पगार नाही, आणि उमेदवार म्हणावे तर पुढे नोकरीची आशा नाही. तिला जे पैसे मिळतात त्यांनाही पगार म्हणत नाहीत. ‘ग्रातिफिकास्याँ’ म्हणतात, म्हणजे साधारण बक्षिसी. अशी मी सप्टेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ असे सहा महिने लियों शहरात होते. सहाच का, तर एका संस्थेत एका वर्षात त्याहून अधिक काळ स्ताजिएर ठेवायला कायद्याने मनाई आहे.

परत आल्यापासून प्रत्येकजण मला पॅरिसबद्दल विचारतो. पॅरिस मी दोन दिवस पाहिले, तेही बाहेरून. तेव्हा त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

जाण्याआधीच्या कागदपत्रांची कथा मात्र सांगितली पाहिजे. स्ताजिएरचा जन्म एका करारातून होतो. त्यावर पाच सह्या लागतात: विद्यापीठाची, तिथल्या संस्थेची, इकडच्या शिक्षकाची, तिकडच्या मार्गदर्शकाची आणि अखेरीस स्वतःची. परदेशी विद्यार्थ्याच्या करारावर फ्रेंच सरकारची मंजुरी लागते ती वेगळी. एवढे होऊन विमानात बसले, तर तिकडे नवेच चक्र सुरू झाले. बँकेत खाते उघडायला राहत्या घराचा पत्ता हवा, आणि घर भाड्याने घ्यायला बँकेचे खाते हवे. शिवाय घरमालकाला जामीन लागतो, तोही फ्रान्समध्ये राहणारा आणि भाड्याच्या तिप्पट कमावणारा. एका भाड्याच्या दलालाने तर माझे नाव ऐकूनच खोली गेल्याचे सांगितले, आणि त्याच खोलीची पाटी पुढे तीन आठवडे त्याच्या काचेत होती. शेवटी तरुण कामगारांसाठी तिथे जी वसतिगृहे असतात, त्यांपैकी एकात मला खोली मिळाली. भाडे ४१० युरो.

हिशेब असा होता. २०२३ साली स्ताजिएरला तासाला किमान ४.०५ युरो द्यावेत असा नियम होता. दिवसाचे सात तास, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ६२३ युरो आणि वर काही सेंट. घरभाड्याला सरकारी मदत मिळते, पण ती यायला वेळ लागतो. मेट्रोच्या पासाचे निम्मे पैसे संस्थेकडून मिळत. पहिले दोन महिने अण्णांनी पैसे धाडले. अण्णांचे पैसे म्हणजे कांद्याचे पैसे. आमचे गाव येवला तालुक्यातले. तिथे मुलीचे लग्न, विहिरीचे खोदकाम आणि लेकीचे फ्रेंच, सगळे कांद्यावर अवलंबून.

संस्था लहानशी होती, माझ्यासकट सात माणसांची. क्रुआ-रूस नावाच्या टेकडीवर. तिथवर जाणारी मेट्रो इतका चढ चढते की तिला दातेरी रूळ बसवले आहेत. एके काळी ही टेकडी रेशीम विणकरांची होती. त्यांच्या घरांची छते चार-चार मीटर उंच, कारण माणसांच्या मापाने नव्हे तर मागाच्या मापाने ती बांधलेली. संस्थेकडे काही जुने माग होते. ते चालते ठेवायचे, येणाऱ्यांना दाखवायचे, शाळेच्या मुलांच्या हाती धोटा द्यायचा, असे काम चाले. मी माहितीच्या पाट्यांचे इंग्रजी भाषांतर करायची, फोन घ्यायची आणि मुलांसाठी पुठ्ठे कापायची. पहिल्या दिवशी सगळे ‘जाकार, जाकार’ म्हणत होते. हा जाकार कोण, हे मागाच्या डोक्यावरची भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दिसेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही. मग एकदम उमगले की हा तर मामाचा जेकार्ड! येवल्यात कित्येक मागांवर तो बसवलेला असतो, आणि माझा मामा त्याच्याखाली बसून पैठणीचे काठ विणतो. जोझेफ-मारी जाकार हा १७५२ साली या लियोंमध्येच जन्मलेला माणूस. मामाला वाटायचे जेकार्ड ही सुरतेची कंपनी आहे.

काम अवघड नव्हते. अवघड होते ते बोलणे. फ्रेंचमध्ये ‘त्यु’ म्हणजे तू आणि ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. मराठी माणसाला हे सोपे जावे, असे पुण्यात आमचे सर म्हणत. पण त्या संस्थेत सगळे एकमेकांना ‘त्यु’ म्हणत. साठीला आलेल्या संचालिकाबाईंनाही. मला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, ‘मला त्यु म्हणायचं.’ आता साठीच्या बाईंना तू म्हणायला माझी जीभ वळेना. आमच्याकडे आत्याला तू म्हणतात खरे, पण त्यासाठी आधी ती आत्या असावी लागते! नवी सून जशी सासूला कोणतीच हाक न मारता दिवस काढते, तसे मी सहा आठवडे काढले. ‘किल्ली कुठे असते?’, ‘फोन आला आहे’, अशी कर्ता नसलेली वाक्ये जुळवण्यात मी इतकी तरबेज झाले की व्याकरणाच्या परीक्षेला त्याचे गुण मिळायला हवे होते. उलट दुकानात मात्र ‘बाँजूर’ म्हटल्याशिवाय पाव मिळत नाही. पैसे पुढे केले तरी बेकरीवाली बाई थांबून राहते. तिला आधी बाँजूर हवा असतो.

खरी परीक्षा दुपारी बाराला. तिथे जेवणाची सुटी दीड तासाची असे आणि सगळे एकाच टेबलाशी बसत. घरून डबा आणायचा, गरम करायचा आणि बोलायचे. आमच्या घरी अण्णा पानावर बोलू देत नाहीत. इथे न बोलणारा आजारी समजला जाई. आणि बोलायचे कशावर? जेवताना जेवणावर! काल काय खाल्ले, उद्या काय खाणार, कोणत्या गावचे चीज कोणत्या महिन्यात खावे. माझ्या डब्यातल्या मसुराच्या आमटीची रोज चौकशी होई. एके दिवशी बाईंनी लियोंची खासियत म्हणून माझ्यासाठी एक पदार्थ आणला, नाव ‘सेर्व्हेल द कानू’, म्हणजे विणकराचा मेंदू. मी शाकाहारी, माझ्या पोटात गोळाच आला. निघाले काय, तर चक्क्यासारखे मऊ चीज आणि त्यात बारीक कांदा, लसूण, हिरवी पात. कोशिंबीरच की! विणकर गरीब, मांस परवडायचे नाही, म्हणून हे नाव पडले असे टेबलावर सांगण्यात आले. थट्टा बहुधा व्यापाऱ्यांची असावी, असे मला वाटते.

‘कानू’ म्हणजे विणकर. त्यांच्याविषयीच्या पाट्या भाषांतरित करताना मी फोनवर मामाला सगळे सांगत असे. व्यापारी रेशीम देणार, विणकर आपल्या घरी विणणार, आणि मजुरी व्यापारी ठरवणार, ही रीत मामाला समजावून सांगावी लागली नाही. १८३१ साली मजुरीचा किमान दर ठरला, सरकारी अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने ठरला; काही व्यापाऱ्यांनी तो मानला नाही; तेव्हा नोव्हेंबरात विणकर टेकडी उतरून खाली आले आणि त्यांनी काही दिवस शहर ताब्यात ठेवले. मामाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग दर मिळाला का गं त्यांना?’ नाही मिळाला. पॅरिसहून फौज आली, ठरलेला दर रद्द झाला. ‘तेच,’ मामा म्हणाला, आणि त्याने फोन मामीकडे दिला.

आठ डिसेंबरला लियोंमध्ये खिडक्यांत दिवे लावतात. १८५२ सालापासूनची रीत. आता त्याचा मोठा उत्सव झाला आहे, इमारतींवर रंगीत प्रकाशाचे खेळ करतात, लाखो माणसे लोटतात. पण जुन्या घरांत अजून काचेच्या लहान पेल्यांत मेणबत्त्या लावून त्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडतात. बाईंनी मला तसे सहा पेले दिले होते. दिवाळीला मी खोलीत एकटी बसले होते, म्हणून या दिव्यांचे मला फारच अप्रूप होते. संध्याकाळी पाचला, म्हणजे गावी साडेनऊला, मी घरी फोन लावला. अण्णा म्हणाले, ‘बंदी आली.’ कांद्याच्या निर्यातीवर केंद्र सरकारने आदल्या दिवशी, ७ डिसेंबर २०२३ ला, ३१ मार्चपर्यंत बंदी घातली होती. लिलाव बंद पडले होते, चांदवडला रस्ता अडवला होता. आमच्या शेतात तेव्हा लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत ठेवून वाट पाहता येते, पण लाल कांदा टिकत नाही. निघाला की विकावाच लागतो.

बाईंनी मला तिथेच पुढे एम. ए. करण्याविषयी सुचवले होते. विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरोंची सोय दाखवावी लागत होती. अण्णा म्हणाले होते, ‘लाल कांदा निघाला की बघू.’ त्या संध्याकाळी तो विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही. ‘तिकडं कांदा काय भावानं आहे गं?’ असे मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले. मी दिवे लावले. सहापैकी दोन वाऱ्याने विझले, ते पुन्हा लावले.

त्यानंतर घरून पैसे घेतले नाहीत. दुपारचा डबा तसाच राहिला, रात्री सूप आणि पाव. रविवारी बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त होते, तेव्हा जायचे. वसतिगृहातल्या एका अल्जेरियन मुलीने मला हे शिकवले. तिला बाजारातला प्रत्येक माणूस ओळखत होता.

जानेवारीच्या अखेरीस तिथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून लियोंभोवतीचे महामार्ग अडवले. त्याआधी काही आठवडे गावोगावच्या नावाच्या पाट्या त्यांनी उलट्या करून लावल्या होत्या. जग उलटे चालले आहे, एवढेच सांगायचे होते. डिझेलवरची करवाढ सरकारने २६ जानेवारीला मागे घेतली, तरी नाकेबंदी उठली नाही. आमचा हिशेबनीस दक्षिणेकडून मोटारीने येई. तो एके दिवशी अकराला पोचला, आणि जेवताना वाद पेटला. कुणी म्हणाले बरोबर आहे, कुणी म्हणाले मोठ्या बागायतदारांचेच चालते. अशा वादात स्ताजिएर फक्त मान हलवतो. पण हिशेबनीस मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तुझे वडील शेतकरी ना? तुमच्याकडे असं होतं का?’

मी चमचा खाली ठेवला आणि बोलू लागले. लाल कांदा, उन्हाळ कांदा, लिलाव, बंदी. फ्रेंचमध्ये कांद्याच्या शब्दात एक ‘इ’ लिहितात आणि बोलताना तो गाळतात. त्या दिवशी तो गाळला की नाही, माझे लक्ष नव्हते. ‘म्हणजे सरकार विकूच नका म्हणतं?’ ‘देशाबाहेर विकू नका म्हणतं.’ ‘मग शहरात कांदा स्वस्त होतो?’ ‘होतो.’ ‘मग शहरातले लोक खूश?’ यावर मी म्हणाले की मीही पुण्यात राहते आणि कांदा विकत घेते. बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारले, ‘आणि तुझं पुढचं शिक्षण?’ मी उत्तर दिले, ‘तू म्हणालीस तो अर्ज मी करणार नाही.’ कामावर परतताना लक्षात आले की मी त्यांना तू म्हटले होते.

निघणाऱ्या माणसाने सगळ्यांना खाऊ घालायचे, अशी तिकडची पद्धत आहे. शेवटच्या शुक्रवारी मी कांदाभजी केली. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ तिकडे सहज मिळते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली धुराची घंटा दोनदा वाजली आणि रखवालदार वर आला. तोही चार भजी खाऊन गेला. कांदे दोन किलो आणले होते. रात्री फोनवर अण्णांनी भाव विचारला. मी सांगितले, एक युरो सत्तर सेंट किलो, म्हणजे आपले दीडशे रुपये. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही.

मग त्यांनी विचारले, ‘केवढा असतो? गोल्टी तर नाही ना?’