कार्ट, मोबाईल आणि लाल शाई



शाळेच्या आवारात मोबाईल आणू नये, ही सूचना आमच्याच सहीची आहे. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत बायपासजवळच्या गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर अकरावीच्या पाच मुलांबरोबर आम्ही उभे आणि समोरच्या कार्टला मोबाईल बांधलेला, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांनी "सर, हे काय?" असे विचारले ते योग्यच होते. त्याचे उत्तर देणे आहे. शिवाय आमच्याकडून एक चूक झाली, तीही येथेच सांगून टाकतो.

भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी मुलांनी विषय आणला तो असा: कार्ट चालवताना मोबाईललाच नोंदवही करायचे. शर्यतीतील लोक अशा यंत्राला डेटा लॉगर म्हणतात. आम्हाला विषय मनापासून आवडला. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बनवली, ती गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून. म्हणजे या खेळाचा जन्मच जुगाडातून झालेला. पालकांच्या लेखी परवानग्या घेतल्या, हेल्मेट तपासले, केस व ओढणी बांधून आत घ्यायला लावली. (ही गोष्ट कुणी हसण्यावारी नेऊ नये. कार्टच्या फिरत्या भागात केस गुंतून प्राण गेल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत.) मोबाईल चालकाच्या हातात किंवा खिशात नाही, सीटजवळ घट्ट बांधलेला. नोंद सुरू करायची ती गाडी उभी असताना.

मोबाईलमध्ये दोन गोष्टी कामाच्या. एक जीपीएस. ते बहुतेक मोबाईलमध्ये सेकंदाला एकदाच जागा सांगते, आणि उघड्या आकाशाखालीही त्यात चार-पाच मीटरचा फरक पडू शकतो. ताशी 45 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, तेव्हा दोन ठिपक्यांमध्ये कार्ट तेवढी पुढे गेलेली असते. ट्रॅकवरच्या मोठ्या वळणाची त्रिज्या मुलांनी टेपने मोजली, 8 मीटर भरली. ते अर्धवर्तुळ 25 मीटरचे, पार व्हायला तीन-सव्वातीन सेकंद. त्यात जीपीएसचे ठिपके जेमतेम तीन! कुणी वळण आतून घेतले, कुणी बाहेरून, हे त्यावरून सांगताच येत नाही. कार्टसाठी खास बनवलेले लॉगर सेकंदाला दहा वेळा जागा टिपतात, पण ते आमच्या शाळेच्या खिशाबाहेरचे.

दुसरी गोष्ट त्वरणमापक. सिलिकॉनचा अगदी बारीक तुकडा आत लवचीक आधारावर टांगलेला असतो, तो किती सरकला यावरून त्वरण कळते. हा सेकंदाला शंभर नोंदी सहज देतो. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स नावाचे मोफत अॅप मुलांनी वापरले. आम्ही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. पण वेग, चाल, त्वरण, बल हे शब्द हिंदीत आणि मराठीत एकच, म्हणून पडद्यावरच्या इंग्रजीशी झगडताना आमचे आणि मुलांचे जमून गेले.

पहिल्या दिवशी मोबाईल थेट लोखंडी चौकटीला बांधला. कार्टला स्प्रिंग नाहीत, इंजिनाची थरथर सरळ आत. आलेख म्हणजे काळी सतरंजी. दुसऱ्या दिवशी मुलांनी खाली जुन्या चपलेचा जाड रबर घातला आणि रेषा दिसू लागल्या.

आता चूक. त्या आलेखात कार्ट उभी असतानाही पुढच्या दिशेने 1.36 एवढे त्वरण दिसत होते. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला: 38 सेकंदांच्या एका फेरीत याने वेग सेकंदाला सुमारे 52 मीटरने वाढेल, म्हणजे ताशी 186 किलोमीटर. "ही कार्ट आहे की विमान?" असे म्हणालो. वर्ग हसला. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मोबाईल तिरका बसला असेल. फरशी तिरकी असली की पाणसळीतला बुडबुडा सरकतो, तसं." त्याचे वडील फरशी बसवण्याचे काम करतात. आम्ही त्याला "बस खाली" म्हणालो, वहीवर लाल शाईने 'आकडे अविश्वसनीय' असा शेरा मारला आणि जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या यादीतून प्रकल्प काढून टाकला.

तिसऱ्या दिवशी रात्री घरी झोप येईना. आमचा मोबाईल जेवणाच्या टेबलावर ठेवून तेच अॅप लावले. सपाट असताना पुढच्या दिशेला जवळजवळ शून्य. एका टोकाखाली पंचांग सरकवले तर आकडा वाढला, दुसरे पुस्तक घातले तर आणखी वाढला. गुरुत्वाचा एक भाग उताराच्या दिशेने येतो, हे आम्ही पस्तीस वर्षे शिकवतो आहोत! 9.8 ला 8 अंशांच्या ज्याने गुणले की 1.36. मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर ते सांगितले. पण यादी गेलेली होती, मुदतही संपली होती. प्रकल्प प्रदर्शनाला गेला नाही. याला आम्हीच जबाबदार.

मुलांनी काम सोडले नाही. उभ्या कार्टवरची सरासरी प्रत्येक नोंदीतून वजा केली. तरी थोडी चूक उरतेच आणि ती जोडत गेलो की फुगते, 0.1 एवढी चूक अर्ध्या मिनिटात ताशी जवळपास 11 किलोमीटर होते. म्हणून लांब हिशेब सोडून त्यांनी फक्त वळणापुरता आलेख पाहिला. जो मुलगा टायर किंचाळवत, मागचा भाग घसरवत जाई, सगळे "वा भिया!" म्हणत, त्याची रेषा वळणात दातेरी होऊन मध्येच पडे. एक शांत मुलगी मात्र जवळजवळ 7 ची रेषा वळणभर धरून ठेवी, आणि दहा फेऱ्यांच्या सरासरीत वळणाबाहेर तिचा वेग ताशी 3 किलोमीटरने जास्त. कार्ट अदलाबदल करून पाहिल्या, तरी तीच पुढे. कार्टचा मागचा अखंड दांडा दोन्ही चाके एकाच गतीने फिरवतो, घसरलात की वेग रबरात जिरतो. मुलाने आलेख बराच वेळ पाहिला आणि तिला विचारायला गेला की तू ब्रेक कुठे सोडतेस.

वहीवरचा शेरा आम्ही खोडू लागलो तर फरशीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "राहू द्या सर, खाली मी कोन लिहिलाय." खरेच, लाल अक्षरांखाली पेन्सिलीने 8 अंश लिहिले होते, आमच्या शेऱ्याच्याच दिवसाची तारीख घालून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा ट्रॅकवर जायचे आहे. घरी वापरात नसलेला मोबाईल असल्यास कार्यालयात द्यावा. काच तडकलेली, कॅमेरा बंद पडलेला चालेल. उलट तोच बरा, कारण इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचा स्थिरक बिघडू शकतो असा इशारा 2021 साली अॅपल कंपनीनेच मोटारसायकलवाल्यांना दिला होता. सिमकार्ड मात्र काढून घ्यावे. आणि कुणाकडे जुनी पाणसळ असेल तर तीही हवी आहे.