धावपट्टीवरचे बिऱ्हाड

माझे वडील बंगळूरच्या एच. एम. टी. घड्याळ-कारखान्यात नोकरीला लागले आणि आमचे बेळगावचे कुटुंब मल्लेश्वरमच्या एका भाड्याच्या घरात येऊन राहिले, तेव्हा मी शाळकरी वयाचा होतो. सेकंदाच्या सूक्ष्म अंशाविषयी त्या कारखान्यात जो आदर बाळगला जाई, तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येत असे. आणि त्यामुळेच की काय, चर्च स्ट्रीटवरून ते जी जुनी इंग्रजी मासिके विकत आणीत, त्यांत मोटारींच्या शर्यतींचे वृत्तान्त हटकून असत. आमच्या घरी मोटार नव्हती. तरी फांजिओ, मॉस, क्लार्क ही नावे आम्हा भावंडांना आळीतल्या माणसांच्या नावांइतकी परिचित होती.

त्यांतही फांजिओ माझा विशेष लाडका. अर्जेंटिनातील बाल्कार्से या गावी, इटलीहून आलेल्या कुटुंबात १९११ साली जन्मलेला हा माणूस गॅरेजात उमेदवारी करून यंत्र शिकला आणि इतर चालक ज्या वयात निवृत्तीची तजवीज करतात त्या वयात युरोपात उतरून १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जगज्जेता झाला. ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या डोंगरी मार्गावर, ज्याची एकेक फेरी जवळजवळ तेवीस किलोमीटरांची होती, इंधन आणि टायर यांसाठी थांबून त्याची माझेराटी पुन्हा निघाली, तेव्हा हॉथॉर्न आणि कॉलिन्स यांच्या फेरारी पाऊण मिनिटाहून अधिक पुढे गेल्या होत्या. त्यानंतर शेहेचाळीस वर्षांच्या फांजिओने फेरीमागून फेरीत मार्गाचा विक्रम मोडला, प्रत्येक वेळी आपलाच नुकताच केलेला विक्रम मोडला, आणि शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांनाही मागे टाकून ती शर्यत व तिच्याबरोबर पाचवे जगज्जेतेपद जिंकले. इतक्या वेगाने आपण पूर्वी कधी गाडी हाकली नव्हती आणि यापुढे हाकू शकणार नाही, अशी सरळ कबुली त्याने नंतर दिली. हा वृत्तान्त मी इतक्या वेळा वाचला आहे की त्या मार्गावरील वळणांचा क्रम मला आपल्या जुन्या वाड्यातील जिन्याच्या पायऱ्यांसारखा अंगवळणी पडला आहे.

परंतु वय वाढत गेले तसे माझे लक्ष चालकावरून त्याच्या चाकांखालच्या भूमीकडे अधिकाधिक वळू लागले. हा खेळ जन्माला आला तो सार्वजनिक रस्त्यावर. १८९४ साली पॅरिसहून रुआंला मोटारी निघाल्या, आणि अवघ्या नऊ वर्षांनी पॅरिस-माद्रिद शर्यतीत इतकी माणसे दगावली की फ्रेंच सरकारला हुकूम काढून ती बोर्डो येथेच बंद करावी लागली. तरीही रस्त्यांचा मोह सुटला नाही. १९५५ साली स्टर्लिंग मॉस आणि त्याचा सहचर डेनिस जेन्किन्सन यांनी इटलीतील मिल्ले मिलिया ही सुमारे सोळाशे किलोमीटरांची शर्यत दहा तास सात मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत पुरी केली. जेन्किन्सनने आधीच त्या रस्त्यांवर हिंडून वळणावळणांची टिपणे एका लांबलचक कागदी गुंडाळीवर उतरवली होती, आणि यंत्राच्या गर्जनेत शब्द ऐकू येणे अशक्य असल्यामुळे तो हाताच्या खुणांनी पुढचे वळण सांगे, मॉस त्या खुणेवर प्राण सोपवून दृष्टीआडच्या चढावर वेग न आवरता गाडी घाली. मानवी विश्वासाचे याहून उत्कट उदाहरण मला खेळाच्या इतिहासात ठाऊक नाही. दोनच वर्षांनी त्याच शर्यतीत एका फेरारीचा टायर फुटला; गाडीतील दोघे आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले, त्यांत पाच मुले होती. मिल्ले मिलियाची वेगाची शर्यत तेथेच संपली.

मग शर्यतीने जायचे कोठे? इंग्लंडने त्याचे उत्तर युद्धाच्या अवशेषांत शोधले. महायुद्धात बाँबफेकी विमानांसाठी बांधलेला आणि शांततेनंतर ओस पडलेला सिल्व्हरस्टोनचा तळ त्यांनी या खेळाला दिला, आणि १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तेथेच झाली. आमच्याकडेही नेमके हेच घडले होते. पार्ल्याचे माझे मामा जुहूच्या विमानतळावर झालेल्या शर्यतींच्या गोष्टी सांगत; मद्रासजवळच्या शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी तर दक्षिणेतील शर्यतवेड्यांची पंढरीच झाली होती.

त्या पंढरीची वारी मी प्रथम केली ती तरुणपणी, मित्राच्या मागे बसून, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेल्या मोटारसायकलवरून, कोलार आणि चित्तूरच्या रस्त्याने. उन्हाने तापलेले काँक्रीट, जळक्या तेलाचा उग्र दर्प, धावपट्टीच्या टोकाला अकस्मात येणारे तीव्र वळण, आणि त्या वळणावर गोंडलच्या राजघराण्यातील परदेशी गाडीच्या मागोमाग, बॉनेटखाली काय काय फेरफार केले असतील ते देवच जाणे, अशी एखादी फियाट किंवा हेराल्ड जिद्दीने झेपावताना पाहिली की अंगावर काटा येई. दारिद्र्याच्या आणि परवान्यांच्या त्या काळात, सुटे भाग मिळणे दुरापास्त असताना, आमच्या कारागिरांनी जी यंत्रे उभी केली त्यांचा इतिहास कोणी तपशिलाने लिहिलेला नाही, याची मला मनापासून खंत वाटते. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही एकआसनी गाडी घडवली आणि सामान्य ऐपतीच्या तरुणाला या खेळाचे दार उघडून दिले. त्याच शहरातील नारायण कार्तिकेयन अशाच गाड्यांतून पुढे जाऊन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय झाले. करिवर्धन १९९५ साली विमान-अपघातात गेले. कोइमतूरचा शर्यतमार्ग आज त्यांच्या नावाने ओळखला जातो, हे उचितच झाले.

बंगळूरच्या वाट्याला मात्र असा मार्ग आला नाही. कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ‘के-१०००’ रॅलीने आम्हाला पुष्कळ आनंद दिला. निलगिरीच्या लागवडीत रात्री धूळ खात उभे राहून दुरून येणाऱ्या दिव्यांची वाट पाहण्यात माझ्या मध्यमवयातील कित्येक रात्री गेल्या. पण रॅलीची भूमी उसनी असते. दोन दिवसांपुरती मंजुरी, मग पुन्हा बैलगाड्यांची वाट.

२००८ साली विजय मल्ल्या यांचा फोर्स इंडिया संघ फॉर्म्युला वनमध्ये अवतरला. शोलावरमला हेच गृहस्थ एन्साइन गाडी घेऊन उतरत, त्यामुळे आम्हा जुन्या प्रेक्षकांना त्याचे नवल वाटले नाही. पुढल्या वर्षी बेल्जियममध्ये चालक फिसिकेला त्या संघाकडून पहिल्या स्थानावरून सुटून दुसरा आला, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले. मात्र भारताचे नाव मिरवणाऱ्या त्या संघाचा कारखाना होता कोठे, तर सिल्व्हरस्टोनच्या वेशीवर. ओसाड धावपट्टी एकदा खेळाच्या हवाली केली की तिच्या भोवती साठ वर्षांत कारखाने, अभियंते आणि पिढीजात कारागीर यांची वस्ती कशी उभी राहते, याचा तो धडधडीत पुरावा होता. शोलावरमच्या शर्यती १९९० च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टाईच्या नव्या मार्गावर गेल्या. मद्रासकरांनी तेवढे शहाणपण दाखवले. नोएडाजवळचा बुद्ध सर्किट २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे जगाने पाहिला, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, आणि मग करांच्या व कचेऱ्यांच्या वादात फॉर्म्युला वन तेथून निघून गेली.

आणि तरीही आमच्या या बिनजमिनीच्या बंगळूर शहराने माणसे कशी दिली पाहा! सी. एस. संतोष २०१५ साली डाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय झाले. ऐश्वर्या पिस्से यांनी २०१९ साली बाहा विश्वचषकाच्या महिला गटात अजिंक्यपद मिळवले. अर्जुन मैनी फॉर्म्युला टूपर्यंत पोचले. त्यांचे धाकटे बंधू कुश यांनी २०२५ साली मोनॅकोत फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. कार्टिंगच्या छोट्या मार्गांवर ही मुले शिकली, आणि पुढच्या धड्यासाठी यांना तीनशे किलोमीटरांवरच्या तामिळ मुलुखात किंवा परदेशी जावे लागले. ज्यांना ते परवडत नाही ती मुले मध्यरात्री विमानतळाच्या रस्त्यावर किंवा नंदीच्या घाटात आपली हौस भागवतात. पोलीस गाड्या जप्त करतात, आणि अधूनमधून एखाद्या घरी मुलाचे प्रेत येते. मिल्ले मिलियाने १९५७ साली जे शिकवले ते आम्ही आपल्याच मुलांच्या रक्ताने पुन्हा शिकत आहोत.

हाच धडा एका चालकाने स्वतःच्या अनुभवातून घेतला होता. १९६६ साली स्पा येथील शर्यतीत जॅकी स्टुअर्ट पेट्रोलने भिजलेल्या, मोडक्या गाडीत अडकून पडला, आणि एका प्रेक्षकाकडून मागून आणलेल्या पान्याने त्याच्या सहस्पर्धकांनी त्याला सोडवले. त्या दिवसापासून सुरक्षित मार्ग, कडेचे कठडे आणि जागेवर वैद्यकीय मदत यांसाठी तो चालकांच्या आणि मालकांच्या रोषाला न जुमानता झगडत राहिला. आम्ही त्याच्या विजयांची संख्या, सत्तावीस, लक्षात ठेवतो. या झगड्याचे मोल मला त्याहून अधिक वाटते.

तेव्हा माझे कर्नाटक सरकारला, आणि या शहरात मोटारी व यंत्रे घडवून धनवान झालेल्या कारखानदारांना, एवढेच विनवणे आहे की कोलारकडच्या माळावर, जेथे संतोष यांनी स्वतःची ऑफ-रोड प्रशिक्षणाची शाळा चालवून वाट दाखवलीच आहे, पडीक जमिनीचा एक तुकडा कायमचा राखून ठेवावा, त्यावर साधाच पण कठडे आणि रुग्णवाहिका असलेला मार्ग बांधावा, आणि अठरा वर्षांच्या मुलाला अल्प शुल्कात तेथे गाडी घेऊन येण्याची मुभा द्यावी.