शिलालेखाची भाषा

बंगळुरातील मराठी घरात वाढलेल्या मुलाने इतिहासात एम.ए. करण्याचा बेत बोलून दाखवला, की पहिला प्रश्न पोटापाण्याचा येतो. तो रास्तच असतो. पण त्याला उत्तर देण्याच्या भरात दुसरा, अधिक अवघड प्रश्न मागे राहतो : हा इतिहास कोणत्या भाषांच्या आधाराने वाचायचा? मराठ्यांचा अभ्यास म्हणजे पुणे, असे वडीलधारी माणसे सांगून मोकळी होतात. सल्ला खोटा नाही. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, पेशवे दफ्तर, मोडी शिकवणारे जाणकार, हे सारे तेथे आहे.

परंतु १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांनी जिंकले, शहाजीराजांकडे ते जहागीर म्हणून आले, आणि १६८७ पर्यंत ते भोसल्यांचे ठाणे राहिले. या अर्धशतकाची साधने एका भाषेत मावत नाहीत. शहाजींच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, तो संस्कृत; विजापूरची फर्माने फारसी. आणि मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाचा १६६९ चा शिलालेख? व्यंकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याचे तो सांगतो, तेही कन्नडात. भोसल्यांचे दान, पण अक्षरे तेथल्या प्रजेची.

शाळेत सक्तीची म्हणून कुरकुरत शिकलेली कन्नड हेच मग या विद्यार्थ्याचे खरे भांडवल ठरते. मोडीची वळणे सरावाने काही महिन्यांत हाती येतात. परकी भाषा मुरायला वर्षे लागतात. म्हणून ज्ञानभारतीच्या आवारात बंगळूर विद्यापीठातच एम.ए. करावे, सुटीत पुण्यास जाऊन मोडी शिकावी, पुढे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांकडे वळावे, हा बेत अधिक शहाणपणाचा वाटतो. घरच्यांना मात्र तो सलतो. आधीच घरची मराठी कन्नडच्या वळणाने चालते (पुण्याचे नातलग तिला हसतात, हे वेगळेच). मुलगा शिकायलाही तिकडे गेला नाही, तर उरले काय, ही त्यांची भीती केवळ भाबडी म्हणता येत नाही.

फारसीचा प्रश्न राहतोच. दोन वर्षांत ती झेपणार नाही, आणि तोवर विजापूरचे फर्मान दुसऱ्या कोणाच्या भाषांतरावर विसंबूनच वाचावे लागेल.