पिवळी डबी

महाग वकील तोच चांगला वकील, हा अशिलांचा गैरसमज आमच्या पोटापाण्यास उपकारक असल्यामुळे आम्ही तो दूर करण्याच्या भानगडीत कधी पडलो नाही. त्याची शिक्षा अशी की, बाजारात गेलो म्हणजे आम्हीच त्या गैरसमजाला बळी पडतो. दोन वर्षांपूर्वी कन्येच्या वाढदिवसास आम्ही याच न्यायाने एक यंत्र घरी आणले. तिच्या इलेक्ट्रिक गिटारीस जोडावयाचे, शेकडो तऱ्हांचे आवाज काढणारे आणि दुकानातले सर्वांत महाग. तिने ते आठ दिवस वाजविले, आमचे आभार मानले, आणि मग ते खाटेखाली गेले. आम्ही काही विचारले नाही. तिनेही काही सांगितले नाही. घराघरांत असे कितीतरी दावे तारीख न लागता पडून असतात.

ज्या घरात आईचा मिरजेचा तंबोरा आजही गवसणीतून रोज बाहेर निघतो, त्या घरात विजेची गिटार आली हेच मुळी आमच्या मनास रुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. ते महागडे यंत्र म्हणजे एका परीने आमच्या नाराजीचा दंडच आम्ही भरला होता.

गेल्या एप्रिलात एका रविवारी कन्या म्हणाली, "बाबा, मला ओव्हरड्राइव्हचं पेडल घ्यायचंय. शिकवण्यांचे सहा हजार साठलेत. पैसे तुम्ही द्यायचे नाहीत. पणजीपर्यंत गाडी तेवढी चालवा." जूनमध्ये ती शिक्षणासाठी पुण्यास जावयाची होती. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या खटल्याचे कागद बाजूस सारले.

निघताना तिने घरचा लहानसा ॲम्प्लिफायर गाडीत ठेवला. दुकानात ॲम्प्लिफायर नसतात काय, असे आम्ही विचारले. "असतात, आणि मोठे असतात, त्यांवर कुठलंही पेडल चांगलंच वाजतं. मला तर याच्यावर वाजवायचंय." साक्षीदारास घटनास्थळीच नेऊन तपासावे, हे आम्हांस सुचावयास हवे होते.

चोर्ला घाटाच्या वळणावळणांवर आमचे शिक्षण झाले. ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर राबविले, की स्वराच्या लाटेचा माथा छाटला जातो आणि मुळात नसलेले स्वरांश त्या आवाजात उत्पन्न होतात. आरंभी हा केवळ बिघाड होता. पुढे लोकांस तोच आवडू लागला. 1964 साली किंक्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस याने तर स्पीकरचा पडदाच पात्याने चिरून तसा आवाज मुद्दाम काढला. घरातला सगळा पंक्तिप्रपंच जागा होईल इतके मोठे वाजविल्यावाचून तोच परिणाम साधावा, म्हणून पायाने दाबावयाच्या डब्या निघाल्या. बॉस या जपानी कंपनीची ओडी-1 1977 साली आली, आयबनेझची हिरवी ट्यूब स्क्रीमर 1979 साली, आणि बॉसचीच पिवळी एसडी-1 1981 साली. आत दोन-तीन डायोड माथा छाटण्याचे काम करतात. हिरव्या डबीत लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या छाटल्या जातात. पिवळीत एका बाजूस एक डायोड व दुसरीस दोन, म्हणून छाट असमान. बाहेर बटणे तीनच. एक छाट किती करावी याचे, दुसरे स्वराच्या धारेचे, तिसरे आवाजाच्या मोठेपणाचे. "एवढ्यासाठीच का ते शंभर आवाज खाटेखाली गेले?" हा प्रश्न ओठांवर आला होता. समोरून ट्रक आला, आणि तो राहून गेला.

दुकानात तीन डब्या मांडल्या गेल्या. ट्यूब स्क्रीमरची नवी आवृत्ती, तिच्याच धर्तीची प्लास्टिकच्या कवचाची एक स्वस्त डबी, आणि कोणा वादकाने विकून टाकलेली, कोपऱ्यांचा पिवळा रंग उडालेली जुनी एसडी-1. पहिली सहा हजारांत बसणारी नव्हती. पण ऐकावयास पैसे पडत नाहीत. कन्येने आम्हांस भिंतीकडे तोंड करून उभे केले व एकामागून एक वाजवून "कुठलं चांगलं?" असे विचारले. आम्ही ठासून सांगितले, "तिसरे." ती हसली. तिसरे फक्त मोठे वाजत होते. मग तिने तीनही डब्यांचा आवाज सारख्याच उंचीवर आणला आणि पुन्हा वाजविले. मघाचे आमचे तिसरे आता अगदीच सामान्य वाटू लागले. ज्याचा आवाज मोठा त्याची बाजू खरी, ही समजूत आम्ही कोर्टात वीस वर्षे हिरिरीने खोडून काढीत आलो आहोत!

त्यानंतर तिने गिटारीवरचे आवाजाचे बटण हळूहळू उतरविले. चांगल्या डबीत त्यासरशी खरखर ओसरते आणि स्वर निवळतो. पेडल बोटांचे ऐकते की नाही याची हीच परीक्षा. हिरव्या व पिवळ्या डबीत आम्हांस फरक जाणवला, पण किमतीतल्या अंतराएवढा खासच नव्हता. प्लास्टिकची डबीही वाजावयास वाईट नव्हती. रोज पायाखाली घ्यावयाच्या वस्तूस धातूचे अंग असावे, एवढ्याच मुद्द्यावर निकाल पिवळीच्या बाजूने लागला. जुनी असल्यामुळे ती सहा हजारांच्या पुष्कळ आतच मिळाली. दुकानदाराने हमी दिली नाही. कन्येने प्रत्येक बटण फिरवून, तार जोडण्याच्या भोकांत खुळखुळ आहे का ते पाहून, आपलीच हमी तयार केली.

राहिला तो नऊ व्होल्टचा अडॅप्टर. तो आम्ही घेऊ का, असे विचारले. ती क्षणभर थांबली. "घ्या. पण मधला टोक ऋण असलेलाच हवा, बाबा. उलटा लागला तर चालायचा नाही." आम्ही चष्मा काढून त्यावरची खूण दोनदा वाचली. खरेदीखताचा मसुदाही आम्ही इतक्या काळजीने वाचीत नाही.

रात्री बेळगावास पोचताच तिने डबी लावली, आणि नव्याच्या उत्साहात पहिले बटण पार टोकास नेले. शेजारच्या खोलीत आई तंबोरा गवसणीत घालीत होती. आमच्या पोटात गोळा आला. आता काय ऐकावयास मिळणार याची गेली चार वर्षे आम्ही मनात तयारी केली होती.

आई दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकले. मग म्हणाली, "जवारी फार खुली लागलीये गं. थोडी बंद कर."

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आई हेच रोज करीत होती, हे आम्हांस त्या क्षणापर्यंत कधी दिसले नव्हते. कन्या वाकली, आणि बटण हळूच मागे आणले.

"आणखी थोडी," आई म्हणाली, आणि पलंगाच्या कडेवर बसली.