हत्तीच्या पेशी

१९८४ सालची गोष्ट. विज्ञानाचे सर रजेवर, म्हणून सातवीचा तास माझ्या गळ्यात पडला. मी मराठीची बी.ए., आणि धडा पेशींचा! उंदीर, माणूस, हत्ती सगळे पेशींचेच बनलेले, इथपर्यंत गाडी बरी चालली. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, मंग हत्तीच्या पेशी लय मोठ्या असतीन नं?"

मी ठोकून दिलं, "असणारच."

उत्तर चुकीचं होतं हे मला कळलं गेल्या महिन्यात, अकोल्याला, धाकट्या भावाच्या उशाशी. त्याला कॅन्सर झालाय, केमो चालू आहे. "ना तंबाखू, ना दारू. मलेच काहून व ताई?" हा प्रश्न तो रोज विचारतो. काय सांगणार? त्याची नात मायक्रोबायोलॉजी शिकते. तिनं त्या दिवशी एकदम हत्तीच काढला.

ती म्हणाली, काही मज्जापेशी सोडल्या तर हत्तीच्या पेशी साधारण आपल्याएवढ्याच असतात. फक्त संख्येनं कितीतरी पट जास्त. मग बिघाडही जास्त पेशींत व्हायला हवा, कॅन्सरही जास्त व्हायला हवा. पण तसं होत नाही! रिचर्ड पेटो या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७७ मध्येच हे कोडं मांडलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना त्याचं एक उत्तर सापडलं. पी-५३ नावाचं राखणदार जनुक आपल्याकडे एक, हत्तीकडे सुमारे २०. पेशी बिघडली की हत्तीचं शरीर डागडुजी करत बसत नाही, ती पेशी स्वतःच मरून जाते. कॅन्सरनं मरणारे हत्ती १०० त ५ च्या आसपास, माणसं ११ ते २५.

भाऊ डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला. तर म्हणतो, "मंग पुढच्या जन्मी हत्तीच व्हतो बापा!" किती दिवसांनी हसला.

मग कोलकासच्या गप्पा निघाल्या. मेळघाटात सिपना नदीकाठी वनखात्याचे हत्ती आम्ही दोघांनी बघितले होते. थंडीत त्यांना सुट्टी देऊन पायांना जडीबुटीचा लेप लावतात, त्याला चोपिंग म्हणतात. एवढं धूड, पण पाऊल टाकलं तर आवाज नाही. टाचेखाली चरबीची आणि तंतूंची गादी असते म्हणे. सोंडेत हाडच नाही, सगळे स्नायू. आणि फुप्फुसं छातीला चक्क ऊतींनी चिकटलेली, आपल्यासारखी मोकळी पोकळी नाही! हे ऐकून मी दोनदा विचारलं, खरंच का गं?

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला असेल. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीचा निघालाच तर सांगा, बाईंचं उत्तर चुकलं होतं.

चौथी केमो मंगळवारी आहे. सोमवारच्या एसटीनंच निघते.