ज्याच्याशी बोलता येते

स्नेहाळ माणसांसाठी इंग्रजीत विशेषणांची वाण नाही. मला त्यांतले सर्वांत प्रिय आहे ‘अ‍ॅफेबल’. ‘बोलणे’ या अर्थाच्या एका लॅटिन धातूपासून ते आले. वाचा न फुटलेल्या बाळाला म्हणतात तो ‘इन्फंट’ शब्दही त्याच कुळातला. ज्याच्याशी जाऊन बोलता येते, तो अ‍ॅफेबल. तो स्वतः किती बोलतो, किती हसतो, हे मुळात विचारलेलेच नाही. त्याच्यासमोर दुसऱ्याची जीभ मोकळी होते ना, एवढेच पाहायचे. एकट्याने मैफल गाजवणारा गप्पिष्ट या शब्दात बहुधा बसत नाही.

मिल्टनने 1667 साली ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये हे विशेषण दिले ते राफाएल या देवदूताला. राफाएल ईडनच्या बागेत उतरतो, ईव्हने मांडलेली फळे आदमबरोबर बसून खातो. मग आदम विचारत सुटतो. स्वर्गात युद्ध का झाले? हे जग कसे घडले? आकाशातले हे सारे फिरणे कशासाठी? आणि शेवटी, देवदूतही प्रेम करतात का? त्यावर राफाएलचा चेहरा आरक्त होतो, पण तो उत्तर देतो. मातीतून घडलेल्या माणसाला स्वर्गाच्या दूतापुढे असा प्रश्न विचारण्याचा धीर होतो, यातच मला त्या विशेषणाचा सगळा अर्थ दिसतो. ज्याचे स्थान वरचे आहे, मोकळेपणाची पहिली जबाबदारी त्याची.

जेन ऑस्टिनने 1813 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये याच गुणाची कसून पारख केली आहे. लेडी कॅथरिन किती अ‍ॅफेबल, हे सांगताना कॉलिन्स या पाद्र्याला शब्द पुरत नाहीत. पण त्याची उपजीविका तिनेच दिलेली आहे. प्रत्यक्षात ती बाई पाहुण्यांची उलटतपासणी घेते, नायिका एलिझाबेथला थेट वय विचारते. पुढे नायक डार्सीच्या पेम्बर्ली या वाड्यात तोच शब्द पुन्हा येतो, तो कारभारीण मिसेस रेनल्ड्सच्या तोंडी. डार्सीचे वडील गरिबांशी अ‍ॅफेबल होते, मुलगाही तसाच होणार, असे ती म्हणते. डार्सी चार वर्षांचा असल्यापासून तिने त्याला पाहिले आहे, आणि तो तिला कधी वेडेवाकडे बोललेला नाही. नाचाच्या समारंभात ताठ वाटणारा, परक्यांशी न बोलणारा हाच तो डार्सी! मालक घरात नसताना चाकरीतल्या बाईने काढलेल्या या उद्गारांपाशी वाडा पाहायला आलेली एलिझाबेथ थबकते. माझ्या मते कादंबरीतली सर्वांत मोलाची साक्ष हीच.

आपल्याकडे निवृत्तीच्या निरोपसमारंभात प्रत्येक साहेब ‘मनमिळाऊ’ ठरतो. तुम्हांला कुणाच्या शिफारसपत्रात किंवा गौरवपर लेखात असा शब्द लिहायचा असेल, तर आधी त्याच्या कचेरीतल्या शिपायाला आणि घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना भेटा. अडचण घेऊन त्याच्याकडे जायला त्यांना भीती वाटते का, ते विचारा. वाटत नसेल, तर बेलाशक लिहा.