न छापलेली बातमी

रविवार, रात्र. ‘द वायर’ या मालिकेचा २००८ सालचा पाचवा सीझन पुन्हा पाहून संपवला. ओमर मारला जातो. ‘बाल्टिमोर सन’च्या कचेरीत त्याची छोटीशी बातमी येते, पण जागा नाही, छापली जाते ती आगीची बातमी. ज्याचं नाव ऐकून अख्खी वस्ती दारं लावून घ्यायची, त्याच्या मरणाला पेपरात दोन ओळीही नाहीत. या प्रसंगाला आजही डोळे भरून आले.

ही मालिका घडवणारा डेव्हिड सायमन याच ‘सन’मध्ये बातमीदार होता. १९९५ साली बाहेर पडला. म्हणूनच त्याच्या मालिकेत बातम्या रचणाऱ्याला पुलित्झर मिळतं आणि शंका घेणाऱ्या संपादक गसची रवानगी कॉपी डेस्कवर होते. सॉर्किनच्या ‘न्यूजरूम’ मालिकेतली भाषणं मला आवडतात, अगदी मनापासून. पण २०१०ची तेलगळती २०१२त दाखवताना लेखकाला निकाल आधीच ठाऊक असतो. खऱ्या बातमीदाराला तो कधीच ठाऊक नसतो. ‘हाउस ऑफ कार्ड्स’ने तर बातमीदार मुलीला थेट मेट्रोखाली ढकललं; मी तिथेच थांबले.

मला आठवत राहतो ‘सिंहासन’ चित्रपटातला पत्रकार दिगू टिपणीस. ज्यांच्या लेखनावर तो बेतला आहे ते अरुण साधूही पत्रकारच. निळू फुल्यांचा दिगू सगळं पाहतो, सगळं जाणतो, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. उद्या आईला फोन करून म्हणणार आहे, आपण दोघी तो चित्रपट पुन्हा एकदा बघू, तू पुण्यातून, मी इथून.